दुखणे एकीचे, बोभाटा दुसरीचा

आमच्या मराठी विभागात, संदर्भग्रंथांच्या कपाटाशेजारी, एक काळी पेटी अखंड घरघरत असते. विभागाच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे आसपासच्या खेड्यांत हिंडून ज्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, त्या सगळ्या या पेटीत आहेत. त्या गाणाऱ्या आज्यांपैकी कित्येकजणी आज हयात नाहीत. त्यांचा आवाज तेवढा पेटीत उरला आहे. ही पेटी एका सोमवारी सकाळी किंचाळू लागली. पुढच्या चार दिवसांत आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

पेटी म्हणजे एक साधा संगणक असून तीत चार हार्ड डिस्क आहेत. डिस्कच्या पोटात तबकड्या मिनिटाला हजारो फेरे घेत असतात, आणि त्यांच्यावरचा मजकूर वाचणारे टोक केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. असले नाजूक यंत्र कधी ना कधी बिघडणारच. म्हणून १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. एकाच मोठ्या, महागड्या डिस्कवर भिस्त ठेवण्याऐवजी अनेक स्वस्त डिस्कांचा संच करावा आणि त्यांतली एखादी गेली तरी काम अडू नये इतका जादा हिशेब त्यांत राखावा, असे त्यांनी सुचविले. या रचनेचे नाव ‘रेड’.

हा जादा हिशेब म्हणजे काय, हे शाळकरी गणिताने समजते. तीन डिस्कांवर ४, ७ आणि ५ हे आकडे लिहिले आणि चौथीवर त्यांची बेरीज १६ मांडली, तर ७ पुसला गेला तरी उरलेल्या आकड्यांवरून तो परत काढता येतो. यंत्र प्रत्यक्षात बेरजेऐवजी एक आणि शून्य यांचा सम-विषम ताळा ठेवते, आणि तो ताळा एकाच डिस्कवर न ठेवता चारांवर फिरता वाटते. आमच्या डिस्का प्रत्येकी ४ टेराबाइटच्या आहेत. पैकी एकीइतकी जागा ताळ्यात जाते आणि १२ टेराबाइट वापराला उरते. मात्र एक डिस्क गेली तर निभावते, दुसरी गेली की संचच बंद पडतो.

रेडचा गुण तोच तिचा दोषही आहे. एकत्र कुटुंबात एकाचे दुखणे बाकीचे सावरून घेतात आणि पाहुण्याला घर धडधाकट दिसते. त्याचप्रमाणे डिस्क गळाली तरी ओव्या पूर्वीसारख्याच ऐकू येतात. पेटी किंचाळली नसती तर आम्हांला पत्ताही लागला नसता.

पडद्यावर संदेश होता : ‘डिस्क क्रमांक २ संचाबाहेर’. आमच्या एका उत्साही मित्राने पेटीचे झाकण उघडून डावीकडची दुसरी डिस्क उपटायला हात घातलासुद्धा! संगणकशास्त्राच्या सरांनी तो वरच्यावर धरला. संगणक शून्यापासून मोजतो. त्याची क्रमांक २ ही आपली तिसरी. शिवाय डिस्का पेटीत क्रमाने बसविलेल्या असतात असेही नाही. चुकीची डिस्क निघाली असती तर एक गेलेली, दुसरी आपणच काढलेली, आणि संच जागच्या जागी बंद! म्हणून पहिला नियम असा : पडद्यावर दिसणारा अनुक्रमांक आणि डिस्कच्या चिठ्ठीवर छापलेला अनुक्रमांक अक्षरशः जुळल्याखेरीज डिस्कला हात लावू नये.

दुसरा नियम : निदानाच्या आधी नक्कल. संचावर नवे काहीही लिहू न देता आम्ही सगळ्या ओव्या एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. त्याला पुरा दिवस लागला, आणि त्यातच संशयाची पहिली पाल चुकचुकली. दोन ध्वनिमुद्रणे मध्येच अडली. काही केल्या वाचता येईनात. बाहेर पडलेली डिस्क एकच असेल आणि बाकीच्या तीन धड असतील, तर असे होता कामा नये.

मग आम्ही पेटीची रोजनिशी वाचली. संगणक आपल्या प्रत्येक अडचणीची वेळेसह नोंद ठेवतो. क्रमांक २ची तक्रार शनिवारी दुपारी सुरू झाली होती. शिपाईमामांना विचारले तेव्हा कळले की, शनिवारी रंगकामासाठी कपाट आणि पेटी सरकवली होती. निदानाची अर्धी वाट मामांच्या एका वाक्याने सरली.

यानंतर डिस्कांची स्वतःची प्रगतिपुस्तके पाहिली. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीचे आकडे साठवते. या सोयीला ‘स्मार्ट’ म्हणतात. त्यांतली चार कलमे बहुतेक डिस्कांवर सापडतात. कलम ५ म्हणजे निकामी ठरवून राखीव जागी हलविलेले कप्पे. कलम १९७ म्हणजे वाचता न आल्याने निर्णय लांबणीवर टाकलेले कप्पे. कलम १९८ म्हणजे डिस्कने स्वतः तपासणी केली तेव्हा न वाचले गेलेले कप्पे. कलम १९९ मात्र निराळे : डिस्क आणि संगणक यांच्यामधल्या वाटेत मजकूर बिघडल्याचा तो मोजदाद-आकडा. तो वाढला की तबकडीपेक्षा केबलवर संशय घ्यावा.

क्रमांक २चे पहिले तिन्ही आकडे शून्य होते आणि १९९चा आकडा शेकड्यांत. म्हणजे जिच्या नावाने बोभाटा झाला ती ठणठणीत होती. तिची केबल तेवढी सैल झाली होती. सरांनी मात्र चारही डिस्का तपासायला लावल्या. आणि क्रमांक शून्य, जिच्याविरुद्ध चकार शब्द नव्हता, तिच्या कलम १९७मध्ये २४ कप्पे अडलेले निघाले. गंमत म्हणजे तिच्या प्रगतिपुस्तकाच्या शिरोभागी शेरा होता ‘उत्तीर्ण’! एकूण निकाल पाहून विषयवार गुण न पाहण्याची सवय किती घातक असते, हे आपणा परीक्षार्थींना वेगळे सांगायला नको.

आम्ही घाईने क्रमांक २च्या जागी नवी डिस्क बसविली असती, तर तिच्यावरचा मजकूर रचण्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्का शेवटच्या कप्प्यापर्यंत वाचाव्या लागल्या असत्या, आणि क्रमांक शून्याच्या त्या २४ कप्प्यांशी गाडी अडली असती. त्याऐवजी केबल बदलून क्रमांक २ला घरात परत घेतले. मधल्या काळात काहीच लिहिले नसल्यामुळे तिचा हिशेब जुळत होता. अडलेली दोन ध्वनिमुद्रणे लगेच वाचता आली, कारण हरवलेला आकडा आता ताळ्यावरून काढता येत होता. त्यानंतर क्रमांक शून्याच्या जागी नवी डिस्क बसली.

डिस्क बाहेर फेकली जाण्याचे आणखी एक कारण असते. घरगुती वापराची डिस्क एखादा खराब कप्पा वाचण्यासाठी मिनिटभरसुद्धा खटपट करीत बसते. संचाच्या कारभाऱ्याला तेवढा धीर नसतो आणि तो तिला मृत समजून बाहेर काढतो. म्हणजे ‘बाहेर’ हा शब्द निदान नव्हे. ते केवळ लक्षण आहे.

स्मार्टवरही सर्वस्वी विसंबू नये. २००७ साली गूगलच्या संशोधकांनी आपल्याकडील एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी स्मार्टच्या चार प्रमुख कलमांपैकी एकाचीही पूर्वसूचना दिलेली नव्हती. आकडे वाढले तर सावध व्हावे. शून्य दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये.

आता दर महिन्याला आमची पेटी चारही डिस्कांचा कप्पा न् कप्पा वाचून ताळा पडताळते. क्वचितच ऐकल्या जाणाऱ्या ओव्यांच्या जागी दडलेला बिघाड अन्यथा कळणार कसा? शिवाय एक नक्कल ग्रंथालयात आणि एक गावाबाहेर ठेवली आहे. रेड ही नक्कल नव्हे : चुकून पुसलेली फाइल ती तत्परतेने चारही डिस्कांवरून पुसते, आणि आगीत चारही डिस्का एकदमच जळतात.

अडलेल्या दोन ध्वनिमुद्रणांपैकी एक ऐकायला आम्ही सगळे जमलो होतो. आधी जात्याची घरघर, मग आजींचे खाकरणे, मग ओवी. त्या आजी तीन वर्षांपूर्वी वारल्या. पुन्हा जाऊन ध्वनिमुद्रित करू, असे म्हणण्याची सोय तिथे उरली नव्हती.