पाडव्यापासून पाडव्यापर्यंत : रमजान ईदचा एक फेरा

रमजान ईदला ठरलेला ऋतू नाही. हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे असते आणि त्यात अधिक महिना धरत नाहीत. त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि सुमारे 33 वर्षांनी पुन्हा त्याच मोसमाला लागते. 1992 साली 4 एप्रिलला गुढीपाडवा झाला आणि त्याच्या पाठोपाठ ईद आली. 2025 साली पाडवा 30 मार्चला, तर ईद 31 मार्चला होती. मधल्या 33 वर्षांत ईद 34 वेळा झाली, कारण 2000 साली ती जानेवारीत एकदा आणि डिसेंबरात एकदा अशी दोनदा आली.

दोन्ही पंचांगांचा चंद्र एकच आहे. मराठी महिना अमावास्येनंतरच्या प्रतिपदेला लागतो, हिजरी महिना कोर डोळ्यांना दिसल्यावर. म्हणून ईद कोणत्याही महिन्यात येवो, ती शुद्ध पक्षाच्या पहिल्या तीन-चार तिथींतच पडते, आणि बरेचदा तिच्या आसपास एखादा मराठी सण असतो. 2005 आणि 2006 साली ती दिवाळीनंतर चार-चार दिवसांनी आली. 2008 साली 30 सप्टेंबरला घट बसले आणि 2 ऑक्टोबरला ईद झाली. रेणुकादेवीच्या मंदिरासाठी ओळखल्या जाणाऱ्या राणीसावरगावात नवरात्र म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. 2010 साली गणेश चतुर्थी आणि ईद 11 सप्टेंबर या एकाच दिवशी आल्या. पुढच्या वर्षी पोळ्याचे बैल धुऊन होतात न होतात तोच चांदरात आली.

राणीसावरगावचा, म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्याचा, हा भाग बालाघाटच्या डोंगररांगांतला. शेती बहुतेक पावसावरची. अशा गावात रमजान कोणत्या नक्षत्रात येतो यावर रोज्याचे कष्ट ठरतात. रोजा पहाटेच्या फजरच्या वेळेपासून सूर्यास्तापर्यंत असतो आणि त्यात पाण्याचा घोटही चालत नाही. परभणीच्या अक्षांशावर डिसेंबरात हा अवधी सव्वाबारा तासांच्या आसपास भरतो, जूनमध्ये साडेचौदा तासांच्या. फरक दोन-सव्वादोन तासांचाच, पण खरा फरक घड्याळात नसतो, उन्हात असतो.

1998 ते 2000 मधले रोजे मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत पडले. तहान जाणवत नसे. मात्र शेतात हुरड्याचे दिवस असत आणि आगटीतले कणीस रोजेदाराच्या समोरून जाई. पुढची काही वर्षे रमजान कापूस वेचणीत आला. कापूस वेचताना ओटीचे ओझे वाढत जाते, पण सावली लांब असते आणि दिवस लवकर मावळतो. 2016 साली मात्र पहिला रोजा 7 जूनला, मृगाच्या तोंडावर लागला. त्याआधीचा उन्हाळा मराठवाड्यातल्या भीषण पाणीटंचाईचा होता. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. दिवसभर पाणी न पिणाऱ्या माणसाला त्या वर्षी इफ्तारच्या, म्हणजे रोजा सोडण्याच्या, पाण्यासाठीही टँकरची वाट पाहावी लागणे हा या साऱ्या फेऱ्यातला सर्वांत खडतर टप्पा म्हणावा लागेल. आजारी, प्रवासी, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई यांना रोज्यातून सूट आहे. सुटलेले रोजे नंतर भरून काढतात, त्याला कजा म्हणतात.

सहरीला, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, उठवण्याची रीत या काळात पार बदलली. पूर्वी डफ वाजवत, हाका मारत गल्लीतून फिरणारा फकीर असे. मग मशिदीचा भोंगा आला, आणि आता उशाजवळचा मोबाइल. सहरीच्या ताटात खिचडी, खिमा आणि चिंचेचा खट्टा हे हैदराबादी वळणाचे त्रिकूट निजामी राजवटीच्या भूगोलाची आठवण देते. कामाच्या घरात भाकरी-कालवणावरही भागते. रोजा खजुराने सुटतो, मग भजी, उकडलेले हरभरे, मोसमात कलिंगड. लेकराचा पहिला रोजा हार घालून साजरा होतो. त्याला रोजाकुशाई म्हणतात.

ईदच्या नमाजाआधी फितरा द्यायचा असतो: माणशी साधारण दीड-दोन किलो गहू किंवा त्याची किंमत, घरातल्या तान्ह्या पोराचासुद्धा. गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटावी हा त्यामागचा हेतू. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवरची अडीच टक्के जकात निराळी. तीही बरेच जण रमजानमध्येच काढतात.

नमाजानंतर शिरखुर्मा. फारसीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. बोलण्यात त्याचा शिरकुर्मा झाला आहे. तुपात परतलेल्या बारीक शेवया, आटवलेले दूध, भिजवून चिरलेली खारीक, चारोळी, बदाम, खसखस. दोन जिनसांवर त्याची चव अवलंबून, आणि त्या दोन्ही मोसमाच्या हातात. दुभत्याला हिरवा चारा असतो तेव्हा दूध मुबलक; वैशाख-ज्येष्ठात ते आटते आणि ईदच्या आदल्या दिवशी भाव खाते. शेवयांचे उलट. मराठवाड्यात हिंदू-मुसलमान दोन्ही घरांत त्या उन्हाळी वाळवणातच होत, पाटावर वळून बाजेवर वाळत. चैत्र-वैशाखातल्या ईदला त्या ताज्या मिळत, थंडीतल्या ईदला डब्यातल्या जुन्या. मशीनच्या शेवया आल्यावर हा भेद पुसट झाला. मांसाहार न करणाऱ्या शेजाऱ्याकडे शिरखुर्म्याचा डबा जातो, दिवाळीत फराळाचे ताट उलट येते. 2005-06 साली ही देवाणघेवाण एकाच आठवड्यात उरकली असणार.

2020 साली टाळेबंदीमुळे ईदगाह ओस राहिले आणि 25 मेची ईद घरातच झाली. डबेही फारसे फिरले नाहीत. 2022 आणि 2023 साली ईद अक्षय्यतृतीयेलाच आली, म्हणजे आमरस आणि शिरखुर्मा एकाच दिवशी. 2025 च्या पाडव्याला फेरा पुरा झाला. आता ईद फाल्गुन-माघाकडे सरकेल, आणि 2033 साली ती पुन्हा एकाच वर्षात दोनदा, जानेवारी आणि डिसेंबरात येईल, हुरड्याच्या दिवसांत.