चिखल, बांध आणि चौथा गडी

भिवंडीत पहाटे पाचला रस्त्यावर दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एक, रात्रपाळी संपवून केसांत कापसाची तूस घेऊन खोलीकडे निघालेले माग कामगार. दुसरी, पळणारी पोरं. पळणाऱ्यांत बहुतेक भरतीची. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800, म्हणून तेवढंच अंतर जीव तोडून पळायचं, घड्याळ बघायचं आणि धापा टाकत कठड्यावर बसायचं. भरती झाली की पळणं सुटतं. नाही झाली तरी सुटतंच.

या घोळक्यात गेली तीन वर्षं आमच्या आळीतली एक मुलगी दिसते. ती लांब पल्ल्याची. वडील पूर्वी मागावर होते, आता गोदामात आहेत. ते सायकलवर तिच्या मागे असतात, हँडलला बॅटरी बांधलेली. बाप-लेकीत चकार शब्द होत नाही. कुत्रं अंगावर आलं तर तेवढं वडील ओरडतात.

पहिल्या वर्षी ती रोज शर्यतच पळत होती. रोज वेग, रोज टायमिंग. सहा महिन्यांत नडगी धरली आणि पोरगी महिनाभर घरी बसली. मग कोणा जाणत्या शिक्षकानं सांगितलं, ‘शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतकंच हळू पळ.’ तिला तो अपमान वाटला होता. पण लांब पल्ल्याची तयारी जगभर याच पायावर उभी असते. आठवड्याच्या अंतराचे पाच भाग केले, तर साधारण चार भाग सावकाश. या सावकाश पळण्यातच हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं आणि शरीर चरबी जाळायला सरावतं. उरलेल्या एका भागात खरा घाम. एक दिवस रिपिटेशन, म्हणजे हजार मीटर जोरात, दोन-तीन मिनिटं दम खायचा, पुन्हा हजार, असं पाच-सहा वेळा. एक दिवस चढ. रविवारी लाँग रन. आणि एक दिवस काहीही नाही. हा ‘काहीही नाही’चा दिवस पाळणं तिला सगळ्यात जड जातं, असं तिची आई सांगते.

पळायचं कुठं, हा आमच्याकडचा खरा प्रश्न. वाड्याच्या रस्त्याला ट्रक आणि खड्डे, नाशिक महामार्गाला कंटेनर, गावात मागांची धूळ. ज्या वरकस जमिनींवर पूर्वी गवत उभं असायचं, तिथं आता गोदामांचे निळे पत्रे आहेत. ती पळते पाइपलाइनच्या कडेनं. तानसा धरण 1892 सालचं. मुंबईची तहान भागवायला निघालेले त्याचे नळ आमच्या तालुक्यातून जातात. आम्हाला त्यातलं पुरेसं पाणी मिळत नाही म्हणून आम्ही शंभर वर्षं कुरकुरतो आहोत, निदान एका पोरीला रस्ता तरी मिळाला.

आणि दिवाळीनंतर शेतं मोकळी होतात. भात कापून झालं की खाचरात धसकटं उरतात, बांध कोरडे पडतात, जमिनीला भेगा जातात. क्रॉस कंट्रीला, म्हणजे शेता-बांधांवरून पळायच्या शर्यतीला, याहून बरं मैदान नाही.

हा प्रकार मूळ इंग्लंडातल्या शाळांचा. पुढं पळणाऱ्या ‘सशां’नी कागदाचे कपटे टाकत जायचं, मागच्या ‘कुत्र्यां’नी ते हुंगत पाठलाग करायचा. या खेळाचा थेम्स हेअर अँड हाउंड्स हा क्लब 1868चा. ऑलिम्पिकमध्ये क्रॉस कंट्री तीनदाच झाली. शेवटची 1924ला पॅरिसमध्ये, भर जुलैच्या काहिलीत. 38 जण सुटले, 15 पोचले. पावो नुर्मी आरामात जिंकला, बाकीचे उन्हानं लटपटत होते. त्यानंतर ऑलिम्पिकनं हा खेळ टाकला तो टाकलाच. जागतिक स्पर्धा मात्र 1973पासून चालू आहे. तिथं 1986 ते 2003 अशी सलग अठरा वर्षं पुरुषांचं सांघिक विजेतेपद केनियाकडं होतं.

सांघिक म्हणजे काय, हे कळल्याशिवाय या खेळात मजा येत नाही. जागतिक स्पर्धेत संघात सहा जण, त्यातल्या पहिल्या चौघांचे क्रमांक मोजतात. पहिला आला तर एक गुण, तिसावा आला तर तीस. बेरीज ज्याची कमी, तो संघ जिंकला. म्हणजे तुमचा हुकमी गडी पहिला आला आणि चौथा साठावा, तर घरी जा. वेळेला इथं काडीची किंमत नाही, कारण एका मैदानाची दुसऱ्याशी तुलनाच होत नाही.

आपल्या मराठी मुलुखातले मोठे धावपटू याच मातीतून वर आले. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत डोंगरवाटांवर वाढली आणि 2010च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्य घेऊन आली. नाशिकचीच संजीवनी जाधव 2018ला चीनमध्ये गुइयांगला आशियाई क्रॉस कंट्रीत तिसरी आली. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये होता; सियाचीनची थंडी आणि राजस्थानची वाळू दोन्ही त्यानं पाहिली. पळण्याकडं तो वळला 2015ला, लष्कराच्या क्रॉस कंट्रीतून. स्टीपलचेस नंतर आली. 2022ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य मिळवलं, सुवर्ण 0.05 सेकंदानं हुकलं. पाणी आणि अडथळे ओलांडायची ती शर्यत म्हणजे क्रॉस कंट्रीचीच ट्रॅकवर आणून बसवलेली बहीण.

मागच्या पौषात आळीतल्या मुलीची स्पर्धा बघायला गेलो. खाचरांतून फिरणारी दोन किलोमीटरची फेरी, तीनदा. फक्की मारून रेघ आखलेली, वळणावर लाल झेंडे. पहाटे कोणाची तरी म्हैस त्यातला एक झेंडा पाडून गेली होती. आयोजकांना पत्ता नाही. पुढच्या तिघी सरळ तुरीत घुसल्या, चौथी बरोबर वळली, आणि शंभर मीटरभर शर्यत उलटी झाली. लोक हसत होते, त्या तिघी मात्र नाहीत.

मी चढाच्या माथ्यावर उभा होतो. तिथं काटा मारलेला बूट आणि अनवाणी पाऊल एकाच बांधावर पडताना दिसतं. अनवाणी मुलीच्या टाचेला धसकट लागून रक्त आलं होतं आणि ती खाली बघतही नव्हती. श्वास इतका जवळून येतो की कोण टिकणार ते कानानंच कळतं. ज्यांचा श्वास फाटला होता, त्या पुढच्या फेरीत मागे गेल्या.

आमची मुलगी अकरावी आली. तिला वाटलं, संपलं सगळं. निकाल लावताना कळलं, संघातली चौथी तीच, आणि तिनं शेवटच्या दोनशे मीटरमध्ये दोघींना गाठलं म्हणून संघ दोन गुणांनी पहिला. पहिली आलेली मुलगी कोणत्या संघाची होती हे मला आता आठवत नाही. वडिलांनी सायकल झाडाला टेकवली आणि बेरीज स्वतः कागदावर दोनदा करून पाहिली.

यंदाही भातकापणीनंतर अशा स्पर्धा होतील. तालुक्याच्या शाळेत विचारलंत तर तारीख कळेल. तिकीट नसतं. जुन्या चपला घाला, पाण्याची बाटली जास्तीची न्या, शेवटच्या रेषेवर गर्दी करू नका, चढावर उभे राहा. आणि सातच्या आत पोचा. नऊपर्यंत सगळं आटोपलेलं असतं.