रुग्णवाहिकेतील औषधपेटी

रुग्णवाहिका वेळेवर आली की नाही, या एकाच प्रश्नाभोवती आपल्याकडील तातडीच्या वैद्यकीय सेवेची सारी चर्चा फिरत असते. नव्या गाड्यांचा ताफा दाखल झाला की हिरवे निशाण फडकते, छायाचित्रे छापून येतात. गाडी उशिरा पोचली की लोक संतापतात, आणि तो संताप रास्तच असतो. परंतु गाडीचे दार उघडल्यावर आत कोणती औषधे असतात, ती कोण देतो, कोणत्या अधिकाराने देतो आणि दिल्याची नोंद कोण तपासतो, हे प्रश्न मात्र क्वचितच ऐकू येतात. आमच्या मते खरा जीवनमरणाचा प्रश्न तोच आहे.

रुग्णास उचलून इस्पितळात पोचवणे एवढेच रुग्णवाहिकेचे काम, अशी समजूत एके काळी जगभर होती. तिला पहिला मोठा धक्का उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात बसला. हृदयविकाराने दगावणारे कित्येक रुग्ण इस्पितळाच्या दारापर्यंतही पोचत नाहीत, तेव्हा इस्पितळानेच त्यांच्या दारी गेले पाहिजे, असा विचार डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी मांडला आणि १९६६ मध्ये गाडीच्या बॅटऱ्यांवर चालणारे, सुमारे सत्तर किलो वजनाचे विद्युत्-धक्का देणारे यंत्र रुग्णवाहिकेत चढवले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात डॉ. पीटर साफर यांच्या मार्गदर्शनाने, ज्यांना कोणी काम देत नव्हते अशा कृष्णवर्णीय तरुणांना शिकवून 'फ्रीडम हाऊस' ही रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. डॉक्टर नसलेला, परंतु कसून शिकवलेला माणूसही रस्त्यावर प्राण वाचवू शकतो, हे त्या तरुणांनी सिद्ध केले. १९७० मध्ये कॅलिफोर्नियाने अशा पॅरामेडिकांना मान्यता देणारा कायदा केला. आपल्या देशात १०८ क्रमांकाची सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सुरू झाली आणि २००८ मध्ये ती गोव्यात आली. शेजारच्या महाराष्ट्राने २०१४ मध्ये ती सुरू करताना गाडीत डॉक्टर बसवले. गोव्यात मात्र मुख्य भिस्त प्रशिक्षित तंत्रज्ञावर आहे. दोन्ही पद्धती जगात चालतात. प्रश्न पदवीचा नसून तयारीचा आणि अधिकाराचा आहे.

औषधाला वेळेचे किती मोल असते, हे दोन उदाहरणांवरून ध्यानात येईल. पहिले साध्या ॲस्पिरिनचे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत १७,१८७ रुग्णांचा अभ्यास झाला. हृदयविकाराचा झटका आलेल्यांना ॲस्पिरिन दिल्यास हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू पाच आठवड्यांत २३ टक्क्यांनी घटतात, असे तीत आढळले. किमतीने चण्याफुटाण्याच्या पंक्तीत बसणारी ही गोळी चावून खाल्ली की झपाट्याने काम करू लागते. दुसरे उदाहरण ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचे. जपानमध्ये डॉ. उताको ओकामोतो यांच्या संशोधनातून आलेले हे स्वस्त इंजेक्शन रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चाळीस देशांतील वीस हजारांहून अधिक जखमींवरील चाचणीत त्याने मृत्यूंचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आणले. पुढच्या वर्षीच्या विश्लेषणातून दिसले की अपघातानंतर पहिल्या तासात ते सर्वांत गुणकारी ठरते आणि तीन तासांनंतर दिल्यास उलट अपायच संभवतो. औषध तेच, मात्रा तीच. घड्याळाचा काटा पुढे सरकला की अमृताचे विष होते.

आता हे गणित आपल्या भूगोलावर मांडून पाहावे. काणकोणहून बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय साठ किलोमीटरांहून अधिक दूर आहे. सत्तरीतील डोंगरपायथ्याच्या वाड्या, फेरीबोटीची वाट पाहणारे दिवाडीसारखे बेट, सीमेपलीकडून बांबोळीच्या आशेने येणारे दोडामार्ग-सावंतवाडीचे रुग्ण, या सर्वांच्या बाबतीत मोलाची मिनिटे रस्त्यावरच खर्ची पडतात. पणजीच्या रहिवाशाला जे औषध अर्ध्या तासात मिळते ते सत्तरीच्या शेतकऱ्याला दोन तासांनी मिळत असेल, तर दोघांचे नागरिकत्व समान कसे म्हणावे? ही विषमता पुलांनी आणि रुंद रस्त्यांनी काही अंशी कमी होते. बाकीची गाडीतील औषधपेटीनेच भरून निघू शकते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'स्टेमी गोवा' योजनेने या दिशेने स्तुत्य पाऊल टाकले. परिघावरील आरोग्य केंद्रात हृदयाचा आलेख काढायचा, तो बांबोळीच्या तज्ज्ञांना पाठवायचा आणि गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज तिथल्या तिथे द्यायचे, अशी ही रीत आहे. जुने स्ट्रेप्टोकायनेज तासभर शिरेतून सोडावे लागे. हे औषध एकाच टोचणीत देता येते. म्हणूनच ते मोठ्या इस्पितळाबाहेर उपयोगी पडते.

फेफऱ्याची गोष्ट अशीच आहे. आपल्याकडे अजूनही फेफरे आलेल्याच्या नाकाला कांदा किंवा चप्पल लावतात, मुठीत किल्ल्या कोंबतात. झटके थांबेनासे झाले तर खरा उपाय औषधाचा आहे. तडफडणाऱ्या माणसाची शीर शोधण्यात वेळ दवडण्यापेक्षा मिडाझोलाम सरळ स्नायूत टोचावे, असा निष्कर्ष २०१२ मध्ये अमेरिकेतील पॅरामेडिकांच्या हातून झालेल्या चाचणीतून निघाला. स्नायूत टोचलेल्यांपैकी ७३ टक्के रुग्णांचे झटके इस्पितळात पोचण्यापूर्वीच थांबले. शिरेतून लोराझेपाम दिलेल्यांत हे प्रमाण ६३ टक्के होते. शिवाय लोराझेपामला शीतपेटी लागते, मिडाझोलामला लागत नाही. मे महिन्यातील उन्हात तापणाऱ्या आमच्या गाड्यांसाठी ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. बाळंतपणातील रक्तस्रावावरचे ऑक्सिटोसिनही थंडाव्यातच टिकते. उन्हात गुण गमावलेले इंजेक्शन दिसायला चांगल्या इंजेक्शनासारखेच असते, हाच त्यातला धोका आहे.

मात्र पेटी जितकी भरगच्च तितकी सेवा उत्तम, असाही समज नको. पूर्वी हृदयविकाराच्या रुग्णांना सावधगिरी म्हणून सरसकट लिग्नोकेन देत. त्याने मृत्यू घटत नाहीत, असे दिसल्यावर ती प्रथा मागे पडली. प्राणवायूचा मुखवटा हे तर रुग्णसेवेचे प्रतीकच. तथापि ज्याच्या रक्तात प्राणवायू पुरेसा आहे अशा हृदयरुग्णाला तो दिल्याने लाभ होत नाही, असे २०१७ मधील स्वीडनच्या मोठ्या चाचणीत आढळले. ॲड्रेनलिनचा धडा तर विशेष मननीय आहे. कोळंबीच्या, गांधीलमाशीच्या किंवा एखाद्या इंजेक्शनाच्या तीव्र ॲलर्जीने श्वास कोंडलेल्या माणसाला मांडीत टोचलेले ॲड्रेनलिन अक्षरशः मृत्यूच्या दारातून परत आणते. पण हृदय बंद पडलेल्या आठ हजार रुग्णांवरील ब्रिटनमधील २०१८ च्या चाचणीत ॲड्रेनलिनमुळे तीस दिवस जगणाऱ्यांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून केवळ ३.२ टक्क्यांवर गेले, आणि वाचलेल्यांत मेंदूची गंभीर हानी झालेल्यांचे प्रमाण अधिक होते. अशा प्रसंगी जवळच्या माणसाने तत्काळ छाती दाबणे आणि विजेचा धक्का लवकर मिळणे, यांची जागा कोणतीही कुपी घेऊ शकत नाही.

एका उपेक्षित गोष्टीचा उल्लेख येथे केलाच पाहिजे, तो म्हणजे वेदनाशमनाचा. मांडीचे हाड मोडलेला मनुष्य खड्ड्याखड्ड्यांतून तासभर विव्हळत येतो आणि हे जणू अपघाताचे अटळ प्रारब्धच, असे आपण मानतो. ब्रिटनमध्ये नायट्रस ऑक्साइड व प्राणवायू यांचे मिश्रण रुग्ण स्वतःच हुंगतो, ऑस्ट्रेलियात मेथॉक्सिफ्लुरेनची नळी त्याच्या हाती देतात. मॉर्फिनसारखी औषधे अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली येतात, त्यामुळे त्यांच्याबाबत सावधगिरी हवीच. परंतु सावधगिरी म्हणजे निष्क्रियता नव्हे. पर्याय आहेत, ते वापरण्याची इच्छा हवी.

येथे अधिकाराचा प्रश्न उभा राहतो. ब्रिटनने २०१२ च्या औषध नियमावलीत पॅरामेडिक स्वतःच्या जबाबदारीवर कोणती इंजेक्शने देऊ शकतो, याची यादीच घालून दिली आहे. आपल्या संसदेने २०२१ मध्ये सहायक आरोग्य व्यवसायांचा कायदा करून तातडीच्या सेवेतील तंत्रज्ञांना व्यवसाय म्हणून मान्यता दिली, हे योग्यच झाले. पण व्यवसायाला मान्यता मिळणे आणि प्रत्येक औषधाबाबत अधिकार निःसंदिग्ध होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. मध्यरात्री धारबांदोड्याच्या वळणावर फोनला रेंज नसताना सुई हातात घेतलेल्या तंत्रज्ञाने 'उद्या माझ्यावर बालंट आले तर?' असा विचार करीत थबकावे, ही स्थिती त्याला व रुग्णाला सारखीच अन्यायाची आहे.

यास्तव आम्ही शासनाला चार गोष्टी सुचवू इच्छितो. प्रत्येक श्रेणीच्या रुग्णवाहिकेत कोणती औषधे असलीच पाहिजेत, त्यांची यादी लोकांसमोर ठेवावी आणि साठा, मुदत व तापमान यांच्या तपासणीचा अहवाल दरवर्षी विधानसभेत मांडावा. कोणत्या लक्षणावर कोणते औषध, किती मात्रेत, याचे लेखी स्थायी आदेश काढून त्यांनुसार वागणाऱ्या तंत्रज्ञाला पूर्ण कायदेशीर संरक्षण द्यावे. दिलेल्या प्रत्येक औषधाचा परिणाम तज्ज्ञांनी तपासून प्रशिक्षणात सुधारणा करावी. आणि सिंधुदुर्गातून येणाऱ्या रुग्णाला वाटेत काय दिले, याची चिठ्ठी त्याच्यासोबत बांबोळीला पोचेल अशी व्यवस्था दोन्ही राज्यांनी संगनमताने नव्हे तर करारपूर्वक करावी.

नागरिकांचेही काही कर्तव्य आहे. छातीत कळ आली असता 'गॅस झाला असेल' म्हणत सोडा पाजत बसू नये. १०८ ला फोन करून तेथून मिळेल त्या सूचनेप्रमाणे वागावे. पक्षाघाताच्या रुग्णाला मात्र ॲस्पिरिन देऊ नये, कारण मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर ते घातक ठरते. बेशुद्ध मधुमेह्याच्या तोंडात साखर किंवा पाणी घालू नये. घरातील वृद्धांच्या चालू औषधांची चिठ्ठी दर्शनी ठिकाणी लावावी. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिले आहे, तेव्हा पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भीतीने कोणी काढता पाय घेऊ नये.

पुढच्या वेळी नव्या गाड्यांना निशाण दाखवले जाईल तेव्हा आमच्या लोकप्रतिनिधींनी एकदा आत चढून ती पेटी उघडून पाहावी, कुप्यांवरच्या तारखा वाचाव्यात आणि शेजारी उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला विचारावे की, यातले काय देण्याची तुला मुभा आहे? त्याचे उत्तर समाधानकारक असेल तरच त्या समारंभाला काही अर्थ आहे.