जिवाणूचे घड्याळ

सायंकाळ झाली की चिंचेची पाने मिटतात आणि पहाट झाली की कोंबडा आरवतो. त्यांच्यापाशी घड्याळ नसते. तरीही त्यांना वेळ कळते. मग ज्याला पाने नाहीत, डोळे नाहीत, ज्याचे सारे शरीर म्हणजे एकच पेशी, अशा जिवाणूलाही वेळ कळत असेल काय?

पुष्कळ काळपर्यंत शास्त्रज्ञांना हे शक्य वाटत नव्हते. ज्याची एक पिढी दिवसभरही टिकत नाही, त्याला चोवीस तासांचे घड्याळ कशाला हवे, असा त्यांचा युक्तिवाद होता. सिनेकोकॉकस नावाच्या नीलहरित जिवाणूने तो खोटा ठरविला.

गोड्या पाण्यात राहणारा हा जिवाणू वनस्पतींप्रमाणे सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करतो आणि त्यातील साठ्यावर रात्र काढतो. 1993 मध्ये शास्त्रज्ञांनी एका प्रकाशमान सागरी जिवाणूची जनुके त्याच्या पेशीत घातली. तेव्हा तो मंद प्रकाश देऊ लागला. त्याला अखंड उजेडात ठेवले, तरीही त्याचा प्रकाश सुमारे चोवीस तासांत एकदा वाढे व एकदा ओसरे. घड्याळ त्याच्या पेशीतच होते!

या घड्याळाला काटे नाहीत, चाके नाहीत. काइ-ए, काइ-बी व काइ-सी ही तीन प्रथिने ते चालवितात. काइ-सीच्या सहा रेणूंचे मिळून एक कडे बनते. प्रत्येक रेणूवर फॉस्फेटासाठी दोन जागा असतात. दिवसा काइ-एच्या साहाय्याने काइ-सी हे एटीपी नावाच्या ऊर्जादायी पदार्थापासून फॉस्फेट घेऊन स्वतःला जोडते. सायंकाळी कडे भरत आले, की काइ-बी त्याला बिलगते व काइ-एलाही तेथेच अडकवून ठेवते. साहाय्यकच अडकल्यामुळे रात्री फॉस्फेटे सुटू लागतात. पहाटे कडे रिते होते, अडकलेल्यांची सुटका होते आणि नवा फेरा सुरू होतो. रहाटगाडग्याप्रमाणे भरणे व रिते होणे अखंड चालू राहते.

परंतु घड्याळ नुसते चालून भागत नाही. किती वाजले हे इतरांनाही कळावे लागते. काइ-सीची स्थिती ओळखून एक प्रथिन दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट देते. शाळेत घंटा झाली की तास बदलतो, त्याप्रमाणे हा संकेत मिळताच ते दुसरे प्रथिन अनेक जनुकांची कामे सुरू करते किंवा थांबविते.

2005 मध्ये जपानमधील नागोया विद्यापीठात ताकाओ कोंदो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही तीन प्रथिने एटीपीसह परीक्षानळीत मिसळली. तेथे पेशी नव्हती, जनुके नव्हती. तरीही फॉस्फेटे चोवीस तासांच्या तालावर जोडली जात व सुटत. उष्णतेने बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग वाढतो. या घड्याळाचा वेग मात्र फारसा बदलला नाही.

या घड्याळाचा उपयोग तरी काय? निरनिराळ्या गतीची घड्याळे असलेले जिवाणू शास्त्रज्ञांनी एकत्र वाढविले व त्यांना ठरावीक वेळाने उजेड आणि अंधार दिला. ज्यांच्या घड्याळाचा मेळ त्या उजेड-अंधाराशी बसला, तेच अखेरीस संख्येने वरचढ ठरले. इतर मागे पडले. इवल्याशा जिवाणूच्या जीवनातही वेळेला एवढे मोल आहे!