पूर्णांकातून पावणेतीन : एक भाषिक टिपण

परतवाड्याच्या बाजारात पाच मीटरांच्या तुकड्यातून पावणेतीन मीटर कापड फाडले, तर उरले किती? मुरलेला कापडविक्या कागदास हात न लावता 'सव्वादोन' म्हणेल. हेच उदाहरण वर्गात आले की विद्यार्थी पावणेतीनाचे 'दोन पूर्णांक तीन चतुर्थांश' करतो, २०/४ मधून ११/४ वजा करतो आणि ९/४ वरून पुन्हा सव्वादोनावर येतो. पुष्कळदा तो पाचातून दोन काढून तीन चतुर्थांश तसाच खाली उतरवितो व पावणेचार हे उत्तर लिहितो. या दोन रीतींतील अंतर गणितापेक्षा शब्दांच्या घडणीत शोधावयास हवे.

'पावणे' हे संस्कृत 'पादोन'पासून आलेले आहे. पाद म्हणजे चतुर्थांश आणि ऊन म्हणजे कमी. हाच 'ऊन' एकोणीस, एकोणतीस यांतही आहे. तेव्हा पावणेतीन म्हणजे पावाने उणे तीन. पाचातून तीन काढले, दोन उरले. पाव जास्त गेला तो परत घातला की सव्वादोन. हातचा घेण्याचे काम शब्दाने आधीच उरकलेले असते. 'सव्वा' (सपाद) याची गत उलटी : पाचातून सव्वादोन काढल्यास पावणेतीन उरतात. पूर्णांकातून वजा करताना सव्वा आणि पावणे आपसांत जागा बदलतात. साडेचा अर्धा मात्र अर्धाच राहतो.

दीड आणि अडीच यांची कथा अधिक मनोरंजक आहे. 'साडेएक', 'साडेदोन' आपण म्हणत नाही. अडीच हे 'अर्धतृतीय'चे प्राकृतातून आलेले रूप. अर्थ, ज्यातील तिसरा अर्धाच आहे असे. अशोकाच्या रूपनाथ येथील लघु शिलालेखात 'अढतियानि' हे त्याचे जुने रूप आढळते. साडेतीनासाठीही असाच 'औट' (अर्धचतुर्थ) होता. जुन्या शाळांतील औटकीबरोबर तो गेला, 'औट घटकेचे राज्य' या प्रयोगात तेवढा उरला. जर्मन भाषेतही दीडासाठी 'अर्धा दुसरा' अशाच घडणीचा शब्द आहे. म्हणजे अडीचही मुळात वरच्या पूर्णांकाकडूनच मोजलेला. आज ती घडण बोलणाऱ्यास दिसत नाही, एवढेच.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि आण्यांचा हिशेब हळूहळू मागे पडला. घड्याळात व कापडाच्या दुकानात मात्र पावणे टिकून आहे. वऱ्हाडीत णकाराचा नकार होत असल्याने ते 'पावने' असे ऐकू येते, आणि घरी येणारे पाहुणेही 'पावने'च. पण त्यामुळे हिशेबात कोणाची फसगत होत नाही.

या रीतीस मर्यादा आहेत. दोन पूर्णांक तीन अष्टमांशास मराठीत असा सुटसुटीत शब्द नाही. तेथे छेद समान करणे अटळ. शिवाय परतवाड्याच्या वर्गात मेळघाटातील कोरकूभाषक मुलेही असू शकतात. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. त्या मुलांना 'पावणे' ही केवळ पाठ करावयाची ध्वनिमालिका ठरते. त्यांच्यासमोर अपूर्णांक मांडण्यापूर्वी पट्टीवर तिनाच्या खुणेवर बोट ठेवून तेथून पाव मागे यावयास शिकविले, तर पुढील वजाबाकीतील पाव कोठून परत आला हे त्यांस डोळ्यांनी दिसेल. मराठीभाषक मुलांनाही हे सांगावे लागते, असा माझा अनुभव आहे.