किक मारण्याआधी प्लग बघा

सकाळी पावणेआठला हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये कुणाची ना कुणाची गाडी रुसलेली असतेच. मग ठरलेला कार्यक्रम : वीस किक, चार शिव्या, एक धक्का. तोवर पहिलं लेक्चर गेलेलं! संध्याकाळी मेकॅनिक म्हणतो, "इंजिन खोलावं लागेल." झालं, मेसचे पैसे तिकडे गेले.

वाळूजला बजाजचा कारखाना 1985 साली सुरू झाला, त्यामुळे आपल्या शहराला दुचाकीचं वेड नवीन नाही. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 आल्यावर नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं, पण हॉस्टेलवर अजून बॉक्सर आहेत आणि 1996 मध्ये बंद झालेली आरएक्स 100 सुद्धा आहे. काहीजण तिला बटण टायर लावून पावसाळ्यात म्हैसमाळकडच्या चिखलात घालतात. हा लेख त्या किकवाल्यांसाठी.

इंजिनाला तीनच गोष्टी लागतात : स्पार्क, पेट्रोल-हवेचं मिश्रण आणि कॉम्प्रेशन. यातलं काय कमी पडतंय हे प्लग सांगतो. आठ-दहा किक मारून प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाहीये. ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये. अर्धं निदान इथेच झालं!

प्लग कोरडा असेल तर टाकीचा कॉक, मग कार्ब्युरेटरचा पायलट जेट बघा. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. दिवाळीच्या सुट्टीत गाडी उभी राहिली की पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि चिकट थर भोकात बसतो. हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने त्यात भर पडते. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, शिवाय बाष्प व्हायला जास्त उष्णता मागतं, म्हणून थंडीत गाडी आणखी कुरकुरते.

आता चोकची गंमत. आरएक्ससारख्या गाड्यांत चोक हवा अडवत नाही, तो पेट्रोलची एक वेगळी वाट उघडतो. त्या वाटेने पेट्रोल ओढायला मागे जोराचं व्हॅक्युम लागतं, आणि ते थ्रॉटल बंद असेल तरच तयार होतं. आपली मंडळी मात्र चोक ओढतात आणि किक मारताना अ‍ॅक्सिलरेटरही पिळतात! चोकचा उपयोग शून्य. गार गाडीला चोक ओढा आणि अ‍ॅक्सिलरेटरला हात लावू नका.

प्लग ओला असेल तर उलटं करा : कॉक बंद, चोक बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा, आठ-दहा किक. जादा पेट्रोल बाहेर पडेल. मग प्लग पुसून गॅप बघा (साधारण 0.6 ते 0.8 मिमी, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये). स्पार्क तपासताना प्लग कॅपमध्ये घालून त्याचा धातूचा भाग हेडला नीट टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ येत असते, आग लागू शकते. टेकवला नाही तर शॉक बसतो आणि सीडीआय जाऊ शकतो.

निळा-पांढरा, कडक स्पार्क हवा. पिवळा, मरतुकडा नको. पण बाहेर स्पार्क दिसला म्हणजे आतही पडतो असं नाही. दाबाखालच्या हवेतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर कॉइल बाहेर छान दिसते आणि आत मान टाकते. म्हणून शंभर रुपयांचा नवा प्लग आधी बदलून बघावा, हे माझं ठाम मत. चिखलवाल्यांनी प्लगकॅपमधलं पाणी आणि भिजलेला एअर फिल्टरही बघावा.

हे सगळं ठीक निघालं तरच कॉम्प्रेशन. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून मित्राला किक मारायला सांगा (प्लगकॅपमध्ये दुसरा प्लग घालून हेडला टेकवून ठेवा). अंगठा फस्सकन उडाला तर पिस्टन-रिंग बहुधा ठीक. नाही उडाला आणि गाडी फोर-स्ट्रोक असेल, तर रिंगच्या आधी टॅपेट तपासायला सांगा. क्लिअरन्स फार कमी झाला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दाब निसटतो. हे काम इंजिन न उतरवता होतं. टू-स्ट्रोकमध्ये मात्र अंगठा उडूनही गाडी नखरे करते, कारण तिथे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबलं जातं. मॅग्नेटोच्या बाजूचं ऑइल सील सुकलं की तिथून हवा शिरते, आणि कार्ब्युरेटर कितीही वेळा साफ केला तरी फरक पडत नाही. मेकॅनिकने तिसऱ्यांदा "कार्ब्युरेटर साफ करू" म्हटलं, की सीलचं नाव काढा.