विश्लेषण : निःपक्ष आयोगाने आखलेला नकाशा कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीच बाजूला का ठेवला?

२००४ मध्ये कॅलिफोर्नियात विधिमंडळ आणि अमेरिकी प्रतिनिधिगृह मिळून १५३ जागांसाठी मतदान झाले. एकाही जागेवर पक्ष बदलला नाही. मतदारसंघांच्या सीमाच तशा आखल्या होत्या. त्यावरील संतापातून या राज्यात सामान्य नागरिकांचा स्वतंत्र आयोग उभा राहिला. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी मात्र तिथल्याच सुमारे ६४ टक्के मतदारांनी प्रतिनिधिगृहासाठी या आयोगाने आखलेला नकाशा तूर्त बाजूला ठेवण्याचा कौल दिला. आयोगाने पक्षपात केला, अशी तक्रार त्यामागे नव्हती.

सीमारेषेने निकाल कसा फिरतो?

समजा, ५० मतदार आहेत आणि त्यांचे प्रत्येकी दहाचे पाच मतदारसंघ करायचे आहेत. ३० मतदार ‘अ’ पक्षाचे, २० ‘ब’ पक्षाचे. आता ‘ब’च्या हाती पेन्सिल द्या. तो तीन मतदारसंघांत आपले सहा-सहा मतदार ठेवील, तिथे ‘अ’चे चार-चारच राहतील. ‘अ’चे उरलेले १८ मतदार शेवटच्या दोन मतदारसंघांत कोंबले की काम झाले. मते २० आणि जागा पाचपैकी तीन! यालाच जेरीमँडरिंग म्हणतात. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर सीमा बदलतात आणि बहुतेक राज्यांत ती पेन्सिल विधिमंडळाच्या, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्या हाती असते.

कॅलिफोर्नियात २००१ मध्ये तर दोन्ही पक्षांनी समझोता केला. तुमचे मतदारसंघ तुम्हाला सुरक्षित, आमचे आम्हाला. प्रतिनिधिगृहाच्या सीमा आखणारे सल्लागार मायकेल बर्मन हे डेमोक्रॅटिक खासदार हॉवर्ड बर्मन यांचे सख्खे भाऊ. पक्षाच्या बहुतेक खासदारांनी त्यांना प्रत्येकी २० हजार डॉलर मोजले होते. निवडणूक प्रचाराच्या खर्चापेक्षा हा सौदा स्वस्तच म्हणायचा.

आयोगावर जागा कशी मिळते?

२००८ मध्ये ‘प्रस्ताव ११’ अगदी थोड्या फरकाने मंजूर झाला आणि विधिमंडळाच्या सीमा आयोगाकडे गेल्या. २०१० मध्ये ‘प्रस्ताव २०’ने प्रतिनिधिगृहाच्या सीमाही त्याच्याकडे सोपवल्या. आयोग १४ जणांचा असतो : पाच डेमोक्रॅट, पाच रिपब्लिकन आणि चार या दोन्ही पक्षांबाहेरचे.

खरी गंमत निवडीत आहे. अर्ज कोणताही मतदार करू शकतो, पण चाळणी कडक. गेल्या दहा वर्षांत अर्जदार किंवा त्याचे जवळचे नातेवाईक उमेदवार, पक्षाचे पदाधिकारी वा नोंदणीकृत लॉबिस्ट असतील, किंवा एखाद्या उमेदवाराला मोठी देणगी दिलेली असेल, तर अर्ज बाद. छाननी राज्याच्या लेखापरीक्षक कार्यालयाकडे. शेवटी ६० नावे उरतात. विधिमंडळातील चार नेत्यांना त्यातील २४ पर्यंत नावे खोडता येतात, पण एकही नाव घालता येत नाही. उरलेल्यांतून आठ जण म्हाडाच्या घरांसारखे चक्क सोडतीने निघतात आणि ते आठ जण बाकीचे सहा निवडतात.

नकाशा मंजूर व्हायला किमान नऊ मते लागतात आणि तिन्ही गटांतून किमान तीन-तीन. म्हणजे कोणत्याही एका पक्षाचे सदस्य बाहेरच्यांना हाताशी धरून नकाशा रेटू शकत नाहीत. विद्यमान खासदार कुठे राहतो, हे विचारात घ्यायलाही बंदी आहे.

या बंदीचा पहिला मोठा फटका कोणाला बसला? हॉवर्ड बर्मन यांना. २०१२ मध्ये नव्या सीमांमुळे त्यांची गाठ स्वपक्षाच्याच ब्रॅड शेरमन यांच्याशी पडली आणि तीन दशकांची खासदारकी गेली. आयोगही अगदी निर्धोक नव्हता. पक्षाशी संबंधित माणसे ‘स्थानिक नागरिक’ म्हणून जनसुनावणीत बोलून गेली आणि आयोगाला ते कळलेच नाही, असे ‘प्रोपब्लिका’ने २०११ मध्ये दाखवून दिले होते.

मग २०२५ मध्ये काय बिघडले?

बिघडले टेक्सासमध्ये. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या आग्रहावरून तिथल्या रिपब्लिकन विधिमंडळाने जनगणनेची वाट न पाहता, दशकाच्या मध्यावर, पाच जादा जागा मिळतील असा नकाशा केला. २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहातील बलाबल २२० विरुद्ध २१५ होते, तेव्हा पाच जागांचे मोल वेगळे सांगायला नको. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी तेवढ्याच जागा डेमोक्रॅटांकडे वळवणारा नकाशा ‘प्रस्ताव ५०’ म्हणून मतदारांपुढे ठेवला. आयोगासाठी झटलेले माजी गव्हर्नर अरनॉल्ड श्वार्झनेगर आणि ‘प्रस्ताव २०’ला पैसा पुरवणारे, वॉरन बफे यांचे भागीदार चार्ली मंगर यांचे पुत्र चार्ल्स मंगर (धाकटे), दोघेही विरोधात उतरले. उपयोग झाला नाही.

अडचण आयोगाच्या रचनेत नाही, त्याच्या आवाक्यात आहे. प्रतिनिधिगृह साऱ्या देशाचे आणि आयोग एका राज्याचा. एकाने पेन्सिल खाली ठेवली तरी शेजाऱ्याच्या हातात ती राहतेच. पक्षीय सीमाआखणीच्या वादात केंद्रीय न्यायालयांनी पडू नये, असे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरवल्याने तोही दरवाजा बंद आहे.

भारतात काय व्यवस्था आहे?

आपल्याकडे परिसीमन आयोगाचा कायदा संसदेचा, त्यामुळे एखाद्या राज्याला स्वतःचा वेगळा नकाशा आखता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती अध्यक्ष, सोबत निवडणूक आयोगाचे प्रतिनिधी आणि संबंधित राज्याचे निवडणूक आयुक्त. खासदार-आमदार केवळ सहयोगी सदस्य, त्यांना मताधिकार नाही. आयोगाच्या आदेशात लोकसभाही बदल करू शकत नाही. २००८ च्या पुनर्रचनेत महाराष्ट्रातील पंढरपूर, राजापूर, कराड, इचलकरंजी हे लोकसभा मतदारसंघ नकाशावरून गेले. पंढरपूरचे खासदार रामदास आठवले यांना २००९ मध्ये शिर्डी गाठावी लागली आणि ते हरले.

आपली कच्ची बाजू दुसरीकडे आहे : अध्यक्ष नेमते केंद्र सरकार. निवृत्त न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या आयोगाने २०२२ मध्ये जम्मू-काश्मीर विधानसभेच्या सात नव्या जागांपैकी सहा जम्मूला व एक काश्मीरला दिली. २०११ च्या जनगणनेत काश्मीरची लोकसंख्या जास्त होती, म्हणून तिथले पक्ष खवळले. भूभाग, दळणवळण हेही निकष असल्याचे आयोगाचे म्हणणे होते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पुनर्रचनेविरुद्धची याचिका फेटाळली.

कॅलिफोर्नियाचा आयोग संपला का?

नाही. राज्य विधिमंडळासाठी त्याचाच नकाशा कायम आहे. ‘प्रस्ताव ५०’चा नकाशा प्रतिनिधिगृहाच्या २०२६, २०२८ आणि २०३० या तीन निवडणुकांपुरता आहे. पुन्हा अर्ज मागवले जातील, सोडत निघेल आणि २०३० च्या जनगणनेनंतर नव्या १४ जणांकडे कोरा नकाशा जाईल.